प्रमाण-प्रवासी

शाल्मली घोरपडेने दार उघडले, चालकाच्या आसनावर बसून पट्टा लावला आणि मग शेजारच्या माणसाकडे वळून हात जोडले.

"नमस्कार. मी शाल्मली. तुम्ही?"

"निरंजन खटावकर. प्रमाण-प्रवासी."

"म्हणजे नेमकं काय करता?"

"काही नाही. शेजारी बसतो."

"आणि त्याचा पगार मिळतो? छान आहे की." ती हसली. "एक विचारू? आपण याआधी भेटलोय का?"

"त्याचं उत्तर द्यायची परवानगी नाही."

"म्हणजे भेटलोय. नसतो भेटलो, तर तुम्ही सरळ नाही म्हणाला असता."

हा तर्क ती दर वेळी इतक्याच सफाईने मांडत असे, आणि दर वेळी तो तिला नुकताच सुचलेला असे.

सुप्याच्या पुढे, माळरानावर हे चाचणी केंद्र होते. रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्या स्वतःच चालू लागल्यापासून हाताने चालवायच्या गाड्या हौशी श्रीमंतांपुरत्या उरल्या होत्या, आणि हौशी माणूस गाडी पसंत करतो ती पहिल्या फेरीतच. म्हणून उत्पादकांना गाडीविषयीचे मत नको असे. पहिला ठसा हवा असे. अडचण इतकीच की पहिला ठसा एका माणसाकडून एकदाच मिळतो. दुसऱ्या फेरीला तोच माणूस तुलना करू लागतो, तिसऱ्या फेरीला तज्ज्ञ होतो आणि मग त्याचा काही उपयोग उरत नाही.

त्यावर उपाय निघाला तो स्मृतिरोधक फवाऱ्याचा. गेल्या काही तासांतले अनुभव मेंदूत पक्के होण्याआधीच तो त्यांना विरून जाऊ देई. केंद्रातली माणसे त्याला पुसणी म्हणत. फेऱ्या संपल्या की चालकाने नाकात पुसणी घ्यायची आणि विश्रामकक्षात झोपायचे. जाग आल्यावर ना गाडी आठवे, ना रस्ता, ना शेजारचा माणूस. बाकीचे आयुष्य जागच्या जागी राही. पुसणी सोसणारी माणसे थोडी असतात. शाल्मली त्यांपैकी एक होती. पूर्वी ती नगरला रुग्णवाहिका चालवायची. रुग्णवाहिका स्वतःच धावू लागल्या तेव्हा तिच्या हातांना काम उरले नाही. स्टिअरिंग हातात धरण्याची परवानगी असलेली तिच्या वाट्याची एकमेव जागा म्हणजे हा वळसेदार चाचणीमार्ग.

त्या दिवशी पहिली फेरी सेडानची होती. लांब, बुटकी, आत शिरताना अंग चोरावे लागेल अशी. मार्गावर मुद्दाम खोदलेले खड्डे होते, गतिरोधक होते, घाटासारखी वळणे होती. शाल्मलीने ती सगळी एका लयीत घेतली.

"हिच्यात बसलं की आपण घरातून निघालोय असं वाटतच नाही," ती म्हणाली. "घरच निघालंय असं वाटतं. वळणावर बघा, मी वळवत नाहीये, नुसतं मनात आणतेय. फक्त उतरताना गुडघे बोलणार. ही गाडी विकत घेणाऱ्याचे गुडघे चांगले असायला हवेत आणि पैसा तर बहुतेक गुडघे गेल्यावर येतो."

निरंजनने तोंड खिडकीकडे वळवले. प्रमाण-प्रवाशाने हसू नये, असा संकेत होता.

दुसरी फेरी क्रॉसओव्हरची होती. सांगाडा मोटारीचाच, पण अंग जीपसारखे उंच. तिच्या पुढच्या आसनावर मोजमापाची पेटी बसवलेली असल्याने निरंजन मागे बसला. मागे बसलेल्याशी चालवणारा फारसे बोलत नाही. त्याला तिचा आवाज तेवढा तुटक ऐकू येत होता.

"मचाण आहे हे. सगळं दिसतं, पण कशाशीच संबंध नाही. खड्डा येतो तोही परवानगी घेऊन. वळणावर मात्र डोकं आधी जातं आणि धड मागून येतं." थोड्या वेळाने तिने विचारले, "ऐकताय ना?"

"ऐकतोय."

मोजण्याची रीत साधी होती. दोघांच्याही मनगटावर ताणपट्टी असे. त्वचेचा ओलावा, नाडी आणि स्नायूंचा कंप यांवरून ती माणसाचा ताण मोजी. खड्ड्याचा धक्का दोघांनाही सारखाच बसतो, उकाडा दोघांनाही सारखाच होतो; म्हणून प्रवाशाच्या ताणातून चालकाचा ताण वजा करायचा. वजाबाकीत रस्ता निघून जातो आणि चालकाची पसंती उरते. चालक प्रवाशापेक्षा जितका निवांत, तितका गाडीचा सुखांक मोठा. यासाठी प्रवासी असा हवा की ज्याला कशानेच काही होत नाही. निरंजनची निवड झाली तेव्हा केंद्राच्या मेंदूतज्ज्ञ डॉ. फरीदा मुजावर त्याचा आलेख पाहून म्हणाल्या होत्या, "खटावकर, तुम्ही माणूस नाही, शहाबादी फरशी आहात." त्याने तो गौरव मानला होता.

फरशीचे उरलेले आयुष्यही सपाटच होते. केंद्राच्या आवारात एक खोली. आई गेल्यानंतर पुण्याला जाण्याचे कारण राहिले नव्हते. खानावळीत प्रत्येकजण कानात काहीतरी घालून जेवत असे. दिवसभरात त्याच्याशी कोणी मनापासून बोलत असेल तर ती शाल्मली, आणि ती ते सगळे दुपारी विश्रामकक्षात पुसून टाकून संध्याकाळच्या गाडीने नगरला जात असे. केंद्राबाहेर तिच्याशी संपर्क ठेवायला त्याला करारानेच बंदी होती. तिचे हसू, तिचे तर्क, तिने सांगितलेल्या गोष्टी त्याच्याजवळ साचत गेल्या. तिच्याजवळ तो कधी नव्हताच.

पावसाळा सरता सरता डॉ. मुजावरांनी त्याला बोलावले.

"सेडानचा सुखांक चढतोय. क्रॉसओव्हरचा जागेवर आहे. गाडी तीच, रस्ता तोच, बाई तीच. मग का चढावा?"

"गळती?"

"मलाही तेच वाटतं. पुसणी घेऊनही काहीतरी मागे राहतंय. गळती सिद्ध झाली तर मला तिला कमी करावं लागेल. आणि एकदा तसा शेरा बसला की कुठलंच केंद्र तिला घेणार नाही." त्यांनी चष्मा काढला. "प्रश्न असा की तिच्यात राहतंय काय? गाडी? की सेडानमध्ये शेजारी बसणारा माणूस?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

"उद्यापासून अदलाबदल. सेडानमध्ये पेटी पुढे, तुम्ही मागे. क्रॉसओव्हरमध्ये तुम्ही पुढे. बघू आकडा कुणाच्या मागे जातो."

आकडा निरंजनच्या मागे गेला. क्रॉसओव्हरचा सुखांक चढला, सेडानचा खाली आला. पुढच्या आठवड्यातही तसेच झाले.

"तिला गाडी आठवत नाही," डॉ. मुजावर म्हणाल्या. "तुम्ही आठवता. अभिनंदन करू की दिलगिरी व्यक्त करू, ते मला कळत नाहीये. अहवाल तुम्हीच लिहा. मूळ आलेख जोडा. सोमवारी सही करते."

निरंजनला दोन गोष्टी एकाच वेळी कळल्या. त्याच्यामुळे एका बाईच्या हातातले स्टिअरिंग जाणार होते. आणि या जगात कोणाच्या तरी शरीराला, नाव-गाव माहीत नसताना, तो शेजारी असल्याचे बरे वाटत होते. पहिल्या गोष्टीचे दुःख दुसरीच्या आनंदापुढे टिकेना, याची त्याला लाज वाटली. तरीही शनिवारी तो सुप्याच्या बाजारात गेला आणि चहाचा आणखी एक कप घेऊन आला. तिचा करार संपला की बंदीही संपणार होती.

रविवारी दुपारी त्याने अहवालासाठी मूळ आलेख काढले. वजाबाकी होण्याआधीचे, दोघांचे वेगवेगळे. इतके दिवस ते कोणी पाहिलेच नव्हते, कारण पाहण्याची गरज पडली नव्हती. त्याने शाल्मलीचा अगदी पहिल्या दिवसाचा आलेख पडद्यावर घेतला आणि त्यावर ताजा आलेख ठेवला. कोणता कोणता, हे सांगता आले नसते. ती दर वेळी तितकीच निवांत होती, तितकीच सावध, तितकीच अनोळखी.

बदलला होता दुसरा, त्याचा स्वतःचा आलेख. ती दार उघडे तेव्हापासून तो चढू लागे, फेरी संपताना, म्हणजे पुसणीची वेळ जवळ येई तसा, आणखी उभा होई. आणि प्रत्येक नव्या दिवशी हा चढ आदल्या दिवसापेक्षा तीव्र होता. तो मागे बसला की आलेख पुन्हा सपाट. सुखांक वाढत होता तो ती सुखावत होती म्हणून नव्हे. तिच्या शेजारचा माणूस तळमळत होता म्हणून. त्याने आधी आपली ताणपट्टी तपासली. मग दुसरी बांधून पाहिली. पट्टी निर्दोष निघाली.

सगळ्या केंद्राने चालकावर संशय घेतला होता. तराजूतल्या वजनावर कोणी संशय घेत नाही, आणि वजन तर स्वतःवर कधीच घेत नाही.

अहवाल आहे तसा, गळती तिच्यातच दाखवून, पाठवता आला असता. शाल्मली कामावरून मोकळी झाली असती, तो नगरला जाऊन तिला नमस्कार करू शकला असता, आणि आपल्या शरीराने या माणसाला ओळखले होते असे मानून ती कदाचित त्याच्याशी बोललीही असती. निरंजनने तिचे आणि स्वतःचे आलेख एकमेकांवर ठेवून अहवालाला जोडले.

"म्हणजे गळती तिच्यात नाही," सोमवारी डॉ. मुजावर म्हणाल्या.

"नाही. माझ्यात आहे."

"अहो खटावकर…" त्यांनी अहवाल मिटला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तिचं काम राहील. पण तुम्हाला आता प्रमाण म्हणून वापरता येणार नाही. दुसरा माणूस बसवला तर जुन्या सगळ्या मोजणीशी तुलना तुटते. एक मार्ग आहे. सक्ती नाही."

"कोणता?"

"आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे. बाहेर काढली की ती सैल होते, आणि परत ठेवताना मेंदूला ती नव्यानं पक्की करावी लागते. त्याच वेळी पुसणी दिली, तर ती परत बसत नाही. तुम्ही माझ्यासमोर बसायचं आणि एकेक भेट आठवून सांगायची. सांगितलेली जाईल. सगळ्या सांगून झाल्या की तुम्ही पुन्हा फरशी. त्यानंतर रोज फेरी संपली की दोघांनाही पुसणी. रोज दोघंही नवे."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर आठवणी तुमच्या. तिच्या शेजारी दुसरा कोणीतरी बसेल. ती इथं काम करतेय तोवर बाहेर भेटायची बंदी आहेच."

"तिला विचारायला नको?"

"तिला काय फरक पडणार आहे?" डॉ. मुजावरांच्या स्वरात कठोरपणा नव्हता. नुसती माहिती होती.

त्याने एक फेरी मागून घेतली. मोजणीत न धरायची, क्रॉसओव्हरची. शाल्मलीने नमस्कार केला, नाव विचारले, भेटलोय का म्हणून विचारले, तर्क मांडला. घाटवळणे सुरू झाल्यावर निरंजन म्हणाला, "समजा, एखाद्या माणसाला तुमच्याबद्दल पुष्कळ माहीत आहे, आणि तुम्हाला त्याच्याबद्दल काहीच नाही. तो ते सगळं विसरला, तर तुम्हाला बरं वाटेल?"

तिने एक वळण पूर्ण घेतले. "मी काय काय सांगितलंय तुम्हाला?"

त्याने तोंड खिडकीकडे वळवले.

"बापूंचं सांगितलं? रुग्णवाहिकेतलं?"

निरंजनने समोर पाहिले. तिने सांगितले होते. एकदा नव्हे, पुष्कळदा, आणि दर वेळी पहिल्यांदाच. मागे वडील आडवे, पुढे ती, आणि रेल्वेचे बंद फाटक.

"म्हणजे सांगितलं," ती म्हणाली. "ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. निदान मला तरी असंच वाटत आलंय." गाडीचा वेग थोडा उतरला. "सांगितल्यावर मला हलकं वाटलं होतं का हो?"

याचे उत्तर देणे नियमात बसत नव्हते.

"हो," तो म्हणाला. "दर वेळी."

"बरं झालं. मला ते माहीतच नव्हतं." तिने मनगटाने डोळे पुसले आणि लगेच हसली. "बघा, काय बाई आहे मी. अनोळखी माणसासमोर रडतेय. आणि तासाभरानं तेही जाणार. माझ्यासाठी ठेवू नका आणि माझ्यासाठी विसरूही नका. तेवढं तुमचं तुम्ही ठरवा. पण मला हलकं वाटलं होतं, हे माहीत असलेले तुम्ही एकटेच आहात, हं."

उरलेली फेरी तिने शांतपणे पूर्ण केली. उतरताना म्हणाली, "सेडानपेक्षा ही बरी वाटते मला. पण सेडान मी चालवलीय का?"

दुपारी निरंजन डॉ. मुजावरांच्या खोलीत समोरच्या खुर्चीवर बसला. मधल्या मेजावर फवाऱ्याची पांढरी कुपी होती. पलीकडे विश्रामकक्षाचे दार बंद होते, म्हणजे शाल्मली झोपली होती.

"पहिल्या दिवसापासून सुरुवात करा," डॉ. मुजावर म्हणाल्या. "घाई करू नका. तिनं दार उघडलं, इथून."

निरंजनने कुपी हातात घेतली. झाकण काढले. मग ती तशीच धरून त्याने वर पाहिले.

"डॉक्टर, मी सांगेन ते तुमच्या लक्षात राहील ना?"