पाच नंबरची लाइन

विश्वास ठेवा, नका ठेवू, यातलं एक अक्षर पदरचं नाही. साल १९९३. जागा रसमड़ा गावातला एक छोटा लोखंडाचा कारखाना. आणि वेळ रात्रीची नव्हे... भर दुपारी तीनची.

मोहन नगरचा शामसुंदर तिथला कॉम्प्युटर सांभाळायचा. आठ शेडमधली आठ टर्मिनलं, म्हणजे नुसते स्क्रीन आणि कीबोर्ड, त्या एकाच कॉम्प्युटरला जोडायची होती. आठही लाइनी एकदम ऐकणारं कार्ड महाग. मालकाची मर्जी राखायला शामनंच स्वस्तातली पेटी सुचवली. तिचं बटण ज्या नंबरवर फिरवाल, तेवढीच लाइन ऐकू येणार. बाकी सात जण काहीही टाइप करोत, मशीन ठार बहिरी.

एका दुपारी बटण गेटजवळच्या वजनकाट्याच्या शेडच्या नंबरवर ठेवून तो डबा खायला गेला. ट्रकांची रांग होती, काटा थांबला असता तर मालक ओरडला असता.

तेवढ्यात पाच नंबरच्या शेडमध्ये गॅस सुटला. दार अडकलं.

आत देवराव होते. शामचे सख्खे भाऊजी.

गेले.

पंधरा दिवसांनी शामची बहीण रत्नमालाताई नवऱ्याचं सामान न्यायला आली. शेडला कुलूप होतं, म्हणून ती शामच्या कॉम्प्युटरपाशी थांबली. पाच नंबरची केबल शामनं स्वतःच्या हातानं उपटली होती.

तरी...

टक्.

बटण आपोआप पाचवर सरकलं. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत घरची बोली उमटली.

"शाम, गॅस सुटली. दार खोल."

पुन्हा तेच. पुन्हा...

ताई शाळेत शिकवायची. तिनं सगळं वाचलं.

"हे त्या दिवशी आलं होतं का रे?"

"नाही आलं, ताई. पेटी एकच लाइन ऐकते. मीच घ्यायले लावली. अन् मी... मी जेवून राहिलो होतो."

ताई रडली नाही. "सरक," एवढंच म्हणाली. मग एका बोटानं टाइप केलं.

"दार उघडलं मी. या बाहेर."

ओळी थांबल्या.

आवाराच्या टोकाला पत्र्याचं दार करकरलं...

दोघं धावले. कुलूप कडीला लागलेलंच होतं. दार मात्र सताड उघडं. आत कुणी नव्हतं.

महिनाभरात मालकानं महागाचं कार्ड आणलं. आठही लाइनी ऐकू येऊ लागल्या.

शाम अजून दर राखीला ताईकडे जातो. ती ओवाळते, राखी बांधते, पेढा भरवते. बोलत मात्र नाही. इतक्या वर्षांत एक शब्द नाही.

"शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं," तो म्हणतो, आणि आपलं मनगट कुरवाळत बसतो.