वरच्या बाजूचा जोड

तासगावच्या पूर्वेला बेदाण्याच्या शेडांची रांग संपते, तिथं भूपालअण्णा चौगुल्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि दारात एक कडुलिंब. अण्णा जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणजे जेवायचं. त्यामुळं पाच वाजले की मशीन बंद, मग दारात आमदार उभा असला तरी त्याला ‘उद्या या’ असंच उत्तर मिळतं. पण कामाला चोख म्हणून नाव. निम्म्या तालुक्याचे बेदाणे अण्णांनी उभ्या केलेल्या रॅकवर वाळतात, आणि हे कुणी चारचौघांत बोललं की अण्णा उगाच दुसरीकडं बघतात आणि कान मात्र इकडंच ठेवतात.

त्या शनिवारी सकाळी त्यांच्यापुढं रॅक नव्हती, गाडी होती. ड्रॅग कार. चारशे मीटर सरळ जायचं, जीव खाऊन जायचं आणि थांबायचं, एवढंच तिचं काम. अशी गाडी उलटली तर टप चालवणाऱ्याच्या डोक्यावर बसतो. तसं होऊ नये म्हणून आतून जाड नळ्यांचा पिंजरा करतात. मागं एक कमान, पुढं दोन खांब, वर त्यांना जोडणाऱ्या आडव्या नळ्या. सोमवारी शर्यतवाल्यांचा तपासणीस येणार होता. तो पास म्हणाला तरच गाडी पळणार. तोवर पिंजऱ्याला रंग लावायचा नाही, सगळे जोड उघडे ठेवायचे, असा नियम. रंगाखाली काहीही लपतं हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक असतं.

अण्णा कापडानं एकेक जोड पुसत होते. शेजारच्या शेडमध्ये बेदाण्यांना गंधकाची धुरी चालली होती. त्या वासानं घसा खवखवत होता. लाईट गेलेली, त्यामुळं सगळीकडं सामसूम.

गाडी राजवर्धनची. कुंडलजवळच्या धनगरवाडीचा पोरगा, पंचविशीचा. चार वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ बिरदेव अशाच गाडीत गेला. गाडी उलटली, पिंजऱ्याचा वरचा जोड सुटला आणि टप खाली आला. वेग फार होता, असं सगळे म्हणाले. अण्णाही तेच म्हणाले. तो पिंजरा अण्णांनीच केला होता.

आता राजवर्धन त्यांच्याकडंच का आला? तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, “अण्णा, दादाचा तुमच्यावर लय इस्वास हुता. दुसऱ्या कुणाकडं जाऊ?” त्या संध्याकाळी अण्णांना जेवण गेलं नव्हतं.

खरी गोष्ट अशी होती. पिंजऱ्याच्या वरच्या नळ्या टपाला जवळजवळ चिकटून असतात, मधे बोटभर फट. त्या फटीत वेल्डिंगचा हात जात नाही. जोड खालून आणि बाजूंनी पक्का होतो, वरचा भाग तसाच उघडा राहतो. नीट करायचं तर गाडीचा तळ कापायचा, अख्खा पिंजरा वीतभर खाली उतरवायचा, वरून टाके घालायचे आणि परत वर उचलायचा. दोन दिवसांचं काम. आणि अण्णांची तीस वर्षांची सवय रॅकची. रॅकच्या वरच्या बाजूला जाळी अंथरतात. जाळीखालचा जोड अर्धाच मारायचा, कोण बघतंय? तशा हजार रॅक मारल्या, एकही पडली नाही. बिरदेवच्या गाडीलाही त्यांनी जाळीखालचाच हिशेब लावला होता. वरच्या उघड्या भागात राखी पुट्टी भरली होती, आणि ती ओली असताना काडीपेटीच्या काडीनं तिच्यावर टाक्यांसारख्या लाटा उठवल्या होत्या. वरून बोट फिरवलं तर वेल्डिंगच लागावं, इतकं सफाईदार काम. त्या वेळच्या तपासणीसानं बोटसुद्धा फिरवलं नव्हतं.

आणि या खेपेलाही त्यांनी तेच केलं होतं. चुकून नव्हे, समजून उमजून. तळ कापायला घेतला असता तर राजवर्धननं सहज विचारलं असतं, दादाच्या गाडीचा तळ तर कापला नव्हता? त्या एका प्रश्नापायी अण्णांनी पुन्हा पुट्टी कालवली होती. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. पण नळीला त्यातला फरक कळत नाही.

पुट्टी रात्रीत वाळली असणार. तपासणीस फिरवील तसं बोट फिरवून बघावं म्हणून अण्णा गाडीत बसले, मान वाकडी केली आणि चालवणाऱ्याच्या डोक्यावरच्या फटीत बोट घातलं. काडीच्या लाटा बोटाला लागल्या. एक, दोन, तीन. छान जमल्या होत्या.

चौथ्या लाटेवर बोट होतं.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपलंच दुसरं बोट. पण दुसरा हात मांडीवर होता. मग वाटलं पाल. पाल थंड असते, हे उन्हात ठेवलेल्या पत्र्यासारखं कोमट होतं. त्यांनी बोट हलवलं नाही. ते दुसरं बोट हलत होतं. सावकाश, पुट्टी खरवडत. कर्र… कर्र… आणि ते आखूड होतं. पहिलं पेरच नव्हतं. जिथं नख असायला पाहिजे तिथं घट्ट, गुळगुळीत मांस.

लहानपणी मेंढरं कातरताना बिरदेवच्या उजव्या हाताच्या बोटाचं पेर कात्रीत गेलं होतं. तो तेच बोट नाचवून हसत म्हणायचा, अण्णा, आपण साडेनऊ बोटांचा ड्रायव्हर.

अण्णा गाडीतून बाहेर कसे आले ते त्यांना आठवत नाही. कडुलिंबाखाली बसून त्यांनी णमोकार म्हणायला घेतला. रोजचा मंत्र, पण मधेच अडखळायला लागला. ऊन डोक्यावर होतं, रस्त्यानं द्राक्षाच्या पेट्यांचा ट्रॅक्टर गेला, ड्रायव्हरनं हात केला. अशा भर दुपारी भ्यायचं तरी कशाला, असं स्वतःला समजावून ते उठले. काठीला बांधलेला लहान आरसा आणि बॅटरी घेतली, आणि फटीत डोकावले. आत कुणी नव्हतं. पण त्या जोडावरची पुट्टी सगळी निघालेली होती. मधली काळी चीर उघडी पडली होती, आणि सीटवर राखी भुकटी सांडली होती.

आता शहाणा माणूस तिथंच थांबला असता. अण्णांनी पुन्हा पुट्टी कालवली. भरली, काडीनं लाटा काढल्या, आणि दोन तास दुकानाच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसले. बसल्या जागी त्यांना ऐकू येत होतं. कर्र… कर्र… घाई नव्हती त्या आवाजात, रागही नव्हता. घरातली बाई करपलेलं भांडं घासते तसं चाललं होतं. दोन तासांनी आरशात पाहिलं, तर चीर पुन्हा उघडी.

तेव्हा मात्र अण्णा रडले. पंचावन्न वर्षांचा माणूस, गाडीच्या दाराला डोकं टेकून.

तीन वाजता राजवर्धन आला. लाईट आली होती, अण्णांनी ग्राइंडर जोडून ठेवला होता.

“काय झालं अण्णा? डोळं लाल दिसत्यात.”

“गंधक हाय शेजारी.” मग ते थांबले. “न्हाई. गंधक न्हाई. राजा, बस जरा. तळ कापायचा हाय गाडीचा.”

“आता? परवा तपासणी हाय की!”

“वरच्या बाजूनं जोड मारल्याला न्हाई. पुट्टी भरली हुती म्या.”

 राजवर्धननं तोच प्रश्न विचारला, अगदी हळू. “दादाच्या गाडीला…?”

“त्येलाबी पुट्टीच हुती.”

राजवर्धन उठून रस्त्यापर्यंत गेला.  आता हा दगड घेऊन परत येईल, असं अण्णांना वाटलं, आणि येऊ दे, असंही वाटलं. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं.

“आईला काय सांगू म्या?” तो म्हणाला. “चार वर्सं ती दादालाच दोष देत्या. गाडी लय जोरात मारायचा म्हणून.”

“मी येतो. मीच सांगतो तुज्या आईला.”

“शर्यत झाल्यावर या. आता जाक वर घ्या, मी नळी धरतो.”

शनिवारचे उरलेले दोन तास आणि रविवारचा अख्खा दिवस दोघं फारसे बोलले नाहीत. तळ कापला, पिंजरा खाली उतरवला, आणि अण्णांनी सहाच्या सहा जोड वरून पूर्ण मारले. आयुष्यात इतकं मन लावून त्यांनी काम केलं नव्हतं. प्रत्येक जोड गार झाल्यावर ते त्यावर बोट फिरवायचे, आणि आपलंच बोट आहे ना, ते बघायचे. ‘कर्र’ आवाज नव्हता. मशीन चालू असेस्तोवर असता तरी कळला नसता म्हणा.

सोमवारी अकराला तपासणीस आले. लालासाहेब मोहिते, फौजेतनं सुभेदार होऊन रिटायर झालेले, मिशीसकट कडक. त्यांनी कमानीला बारीक भोक पाडून नळीची जाडी मोजली, सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट हलवून पाहिले, आरसा घातला, आणि शेवटी सहाही जोडांवर वरून बोट फिरवलं. अण्णा त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. चेहरा हलला नाही.

“चौगुले, पूरा राउंड वेल्डिंग! असं काम पुण्यात पण बघाय मिळत नाय. ओके हाय. पास.”

पासचा स्टिकर लावून ते गेले. राजवर्धन हेल्मेट घालून सीटवर बसला, पट्टे आवळले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. शनिवारपासून पहिल्यांदा तो हसला.  बिरदेवचं काम झालं, असं अण्णांना वाटलं. त्याला राग नव्हताच, त्याला भावाची काळजी होती, आणि आता काळजी मिटली.

तेवढ्यात त्यांना राजवर्धनच्या काळ्या शर्टाच्या खांद्यावर काहीतरी चकाकताना दिसलं.

“हालू नगं.” त्यांनी ती भुकटी चिमटीत घेतली. पुट्टी मऊ लागते. ही टोचत होती. त्यांनी वेल्डिंगचं चुंबक आणून जवळ नेलं, तशी भुकटी ताठ उभी राहिली. लोखंड. पुट्टी संपली होती, खरवडणं संपलं नव्हतं.

“राजा, उतर खाली.”

“का? पास झाली की.”

“ही गाडी पळवू नगंस.”

“आवं अण्णा, खोट कुठं हाय ती दावा की!”

अण्णांनी आरसा घातला. डोक्यावरचा जोड इंच इंच पाहिला. एकसारखे टाके, चीर नाही, भोक नाही, ओरखडासुद्धा नाही. मग बाकीचे पाच पाहिले, मग नळ्या पाहिल्या.

“दावा,” राजवर्धन म्हणाला.

“खोट… न्हाई.”

“मंग?”

 खरं बोलायला अण्णा दोनच दिवसांपूर्वी शिकले होते, आणि आता सांगायला खरं असं काही हातात नव्हतं. राजवर्धननं मान हलवली, हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन धडधडून सुरू झालं, पत्रे थरथरले, दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

आरसा अजून अण्णांच्या हातात, फटीतच होता. आरशात जोड अख्खा दिसत होता. मग तो हळूहळू दिसेनासा झाला, कारण आरशावर भुकटी साचत होती. बारीक, चकचकीत, आणि अण्णांनी बोट लावून पाहिलं तेव्हा अजून गरम.