उलट्या आट्यांचा स्क्रू

बाबांच्या कारखान्यात लोखंडाचा खिळा औषधालाही सापडायचा नाही. बिजागऱ्या लाकडी, कड्या लाकडी, एवढंच काय, लाकूड आवळून धरायच्या शिकंज्याचा मनगटाएवढा स्क्रूसुद्धा लाकडीच. "विकत काय, कुणीही आणेल," म्हणत ते पटाशी उचलायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि पटाशीचा तो उजवा हात मिटला तो मिटलाच. बोलणं परतलं, पाय चालू लागले, मूठ मात्र उघडेना. डॉक्टरांनी हात टेकले, आत्याची तेलंही संपली. कारखाना आता लेक चालवायची, आणि तिचं काम दिसलं की बाबा मान फिरवायचे. ती मूठ उघडावी, यापलीकडे तिला काही नको होतं.

शिकंज्याचे आटे झिजले म्हणून तिनं नवा स्क्रू करायला घेतला. गोल दांड्याभोवती आखलेला कागद गुंडाळायचा आणि तिरप्या रेषांवरून आटे कोरायचे, ही बाबांचीच रीत. चार दिवस ती मान मोडून बसली. त्याच आखणीनं शिकंज्याच्या नव्या ठोकळ्याच्या भोकातही आटे पाडले, मेण चोळलं आणि स्क्रू लावला. तर उजवीकडे फिरवला की तो बाहेर! कागद उलटा गुंडाळला होता.

"चार दिवस पाण्यात!" ती स्वतःवरच चरफडली. निदान बसतो कसा ते तरी बघू, म्हणून तिनं डावीकडे फिरवत तो शेवटपर्यंत आत नेला.

मागच्या खोलीत बाबा कण्हले. ती धावत गेली. मूठ इतकी आवळली होती की पेरं पांढरी पडली होती. आत्या म्हणाली, "असं अचानकच झालं बघ." थोडा वेळ बाबांचा हात चोळून लेक परत आली आणि तो बिनकामाचा स्क्रू काढायला लागली.

"अगं, इकडे ये! दादाची करंगळी सुटली!" आत्या ओरडली.

करंगळी खरंच सरळ झाली होती. पण काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितल्याशिवाय ही लेक कशाचंच काही मानायची नाही. "आत्या, तू नुसती हाताकडे बघ आणि मला सांग," एवढंच तिनं सांगितलं.

अर्धी फेरी आत. "मिटतेय गं!"

अर्धी फेरी बाहेर. "उघडतेय!"

तीनदा केलं, तीनदा तेच. चौथ्यांदा आत फिरवायची तिची हिंमत झाली नाही. ती बाहेरच फिरवत राहिली. मेणाचा वास येत होता, लाकूड हळू कुरकुरत होतं. स्क्रू वीतभर, आटे सोळा, म्हणजे सोळा फेऱ्यांत तो हातात यायला हवा. वीस झाल्या. अख्खी वीत बाहेर दिसत होती, तरी आत अजून आटे होतेच. कुठून येत होते?

तिच्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. त्या ठोकळ्यापुढे हात जोडावेत असं तिला वाटलं. हात मोकळे नव्हते.

सव्वीस. "मधलं बोट!"

तेहतीस.

एकेचाळिसाव्या फेरीला स्क्रू अलगद सुटला. मोजला तर वीतभरच.

दारात बाबा उभे होते. त्यांनी उजवा हात पुढे केला, स्क्रू घेतला, आट्यांवरून अंगठा फिरवला.

"उलटे पाडलेस," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण काय सुबक पाडलेस गं!"

ती भोकाड पसरून रडली. आत्याही रडली.

दुपारी ती कारखाना आवरायला आली. ठोकळ्याच्या भोकात भुसा अडकला होता. भोक आरपार होतं. पलीकडची खिडकी, खिडकीतलं ऊन, सगळं दिसत होतं. तिनं बोट आत घातलं.

बोट कुणीतरी धरलं.

आधी करंगळीनं, मग एकेका बोटानं. पकड उबदार होती. दोन वर्षं रोज सकाळी तिनं तो हात धुतला होता, तिला ओळखायला वेळ लागला नाही.

तिनं बोट ओढलं. ते सुटलं नाही.

बाहेर अंगणात बाबांचा रंधा सरसर चालला होता. रंध्याला दोन्ही हात लागतात.