डाग न पडणारी खुर्ची

बसा मावशी. त्या लाकडी बाकावरच बसा, टोचला तरी. गादी, उशी, पडदा, गालिचा, यातलं काही आमच्या घरात आता मिळायचं नाही. मघाशी आत आल्या आल्या तुम्ही चारी बाजूंना बघितलंत, ते माझ्या लक्षात आलं. उघडंबोडकं दिसतं घर, मला माहीत आहे. तुम्ही उद्यापासून आईला सांभाळायला येणार, तर त्यामागचं कारण आजच सांगते. शेजारीपाजारी कानात काहीबाही भरवतील, त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं. चहा घ्या. सांडू मात्र नका.

मला पहिल्यापासून स्वच्छतेचं वेड. आमचे हे म्हणतात, हिच्याकडे पाहुण्यांनी तरंगत यावं आणि तरंगत जावं. म्हणू देत! ह्याच खोलीत आमचा निळ्या कापडाचा सोफा होता. त्याच्या गाद्या काढून सांदीकोपऱ्यातला कचरा मशीनने ओढून घ्यायचा, वास येऊ नये म्हणून सोडा भुरभुरायचा, काही सांडलं तर फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. आणि पाणी अगदी बेताचं. फडकं घट्ट पिळून घ्यायचं. आतला फोम भिजला की कुजतो, आणि मग खालचा डाग पुन्हा वर येतो. हे ध्यानात ठेवा, तुम्हाला लागणार आहे.

आई आधी माझ्या भावाकडे होती. दादाची बदली झाली आणि तो तिला इथे सोडून गेला, तिच्या खुर्चीसकट. खुर्ची म्हणजे एकाच माणसाचा सोफा हो, रुंद हातांचा, गुबगुबीत, सायीच्या रंगाच्या कापडाचा. वहिनी जाताना म्हणाली, "त्या खुर्चीशिवाय बसत नाहीत त्या. बसू द्या. फार विचारू नका." बोलताना तिने एकदाही माझ्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

मी खुर्ची न्याहाळली आणि चाटच पडले. इतकी वर्षं वापरातलं कापड, तेही इतकं फिकट, आणि त्यावर एक डाग नाही! वहिनीचं घर मी पाहिलंय. तिच्याकडे आरसासुद्धा हाताला चिकटतो. मग ही खुर्चीच एवढी स्वच्छ कशी? मी वाकून नाक लावलं. शी! नासलेलं दूध, फुलदाणीतलं जुनं पाणी आणि झोपून उठलेल्या माणसाच्या तोंडाचा वास, सगळं एकत्र. त्या दिवशी मी जेवले नाही.

"आई, ही खुर्ची धुवायला हवी गं," मी म्हटलं.

"नको. तिला काय हवं ते मी देते," आई म्हणाली.

वय झालं की माणसं काहीही बोलतात. मी मनावर घेतलं नाही.

आई दिवसभर खुर्चीत बसायची. दूध दिलं, चहा दिला, खोकल्याचं औषध दिलं, की पेला रिकामा परत यायचा. मला बरं वाटायचं, चला, पोटात काहीतरी जातंय. मग एका दुपारी मी वाळलेले कपडे घेऊन खोलीत आले, तर आई दुधाचा पेला खुर्चीच्या हातावर हळूहळू ओतत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता ओरडणार, तेवढ्यात मी बघितलं... दूध ओघळत नव्हतं. कापडावर पडलं की आत जात होतं. आणि आईचे ओठ मिटलेले होते, मावशी. ओठ मिटलेले, आणि तिचा गळा हलत होता. गटक्... गटक्... पेला संपला तशी तिने हाताच्या पाठीने तोंड पुसलं.

मी धावत जाऊन फडकं दाबलं. कापड कोरडं ठणठणीत. कोमट मात्र होतं, ताप आलेल्या अंगासारखं.

"सांडलंस का गं?" मी फडकं उलटंसुलटं करून बघत विचारलं.

"सांडलं कुठे? संपलं," आई म्हणाली.

मी त्याच आठवड्यात सोफे धुणाऱ्या मशीनवाल्याला बोलावलं. आईला आतल्या खोलीत पलंगावर नेलं, तेव्हा ती खुर्चीचा हात सोडेना. मी एकेक बोट सोडवलं. प्रत्येक बोट सुटताना बारीकसा ओला आवाज आला. अजून तो आठवला की माझे दात आंबतात.

मशीनवाल्याने आधी निळा सोफा धुतला. टाकीत जे काळं पाणी आलं, ते बघून मला किळसही आली आणि समाधानही वाटलं. मग तो खुर्चीकडे वळला. रंग जातोय का ते मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी बघितलं, आणि मग बैठकीवर साबणाचा फेस पसरला. फेस आत जिरला. पाणी मारलं, तेही गेलं. मशीन लावून ओढलं तर टाकीत थेंब नाही.

"ताई, पाणी जातंय कुठे?" त्याने खालच्या फरशीवरून हात फिरवला. फरशी कोरडी.

मीही हट्टाला पेटले. म्हटलं, "ओता अजून." सगळे नियम बसवले धाब्यावर. त्याने अख्खी बादली रिकामी केली, बैठकीवर साधी ओलसुद्धा दिसेना. आणि आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, दमलेला.

"पुरे गं... पोट फुगलं माझं..."

मशीनवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग त्याने खुर्ची आडवी करून खालचं काळं कापड उचकटलं. आत फोम नव्हता. म्हणजे असेल कधीतरी. आता तिथे फुगलेलं, फिकट, गुलाबीसर असं काहीतरी होतं आणि त्यावर दुधावर धरते तशी साय. त्याने ब्रशच्या दांड्याने दाबलं तर साय आत गेली, आणि दांडा काढल्यावर हळूच वर आली. मग ते सगळंच एकदा आवळलं आणि सैल झालं. गटक्. आणि जो वास सुटला, मावशी, तो नुसता नाकात नाही, जिभेवर बसला.

तो माणूस मशीनची नळी फरफटत पळाला. मी मोरीत जाऊन आतडी पिळवटेपर्यंत ओकले. ह्यांनी संध्याकाळी खुर्ची ओढत नेली आणि कचऱ्याच्या गाडीत चढवली. सुटलो म्हटलं.

कसलं सुटलो! आईने अन्नपाणी बंद केलं. केलं म्हणजे, तिला जमेचना. तोंडात चमचा घातला की पाणी कोपऱ्यातून बाहेर. गिळायचं कसं हेच ती विसरली होती. जीभ लाकडासारखी, डोळे खोल, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत असंच राहिलं तर हॉस्पिटलात हलवा, पण फार आशा धरू नका. मी ह्यांना खुर्ची शोधायला पिटाळलं. ती कधीच गेली होती. माझ्या स्वच्छतेपायी माझी आई मरत होती, मावशी, माझ्या डोळ्यांदेखत! मी तिचा हात धरून ढसाढसा रडले.

माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्या मनगटावर पडलं. ते ओघळलं नाही. जिरलं. आणि आईचा गळा हलला.

"अजून..." ती म्हणाली.

मी काय करणार होते? तुम्ही काय केलं असतं? मी वाटीभर दूध आणलं आणि तिच्या तळहातावर ओतलं. एक थेंब खाली पडला नाही. शहारे येत होते, पण मी ओतत राहिले. सकाळी आईने डोळे उघडले, नाव घेऊन हाक मारली मला.

पुढे ती उठून निळ्या सोफ्यावर बसायला लागली, आणि त्याच्यावरचा जुना शाईचा डाग एके दिवशी नाहीसा झाला. मी हात लावून बघितलं. सोफा कोमट होता. त्याच दिवशी घरातलं झाडून सगळं कापड बाहेर काढलं. आता ती फळीवर झोपते, वर प्लॅस्टिकचा कागद.

तर काम हे असं. सकाळ-संध्याकाळ वाटीभर दूध आणि स्पंज. तोंडाला लावायचं नाही, पाठीला. घट्ट पिळून, बेताने. मागच्या खेपेला मी जास्त दिलं, तर ते रात्रभरात पुन्हा वर आलं, पाठभर. आधी दूध, मग चहा, मग खोकल्याचं औषध. सगळं शिळं. मी डोळे मिटून टिपलं. तुम्हालाही किळस येईल, येऊ दे, पण तिच्यासमोर नाक मुरडू नका. आई आहे हो ती माझी.

आणि एक. आत जाताना हात कोरडे करून जा. तुमच्या आधीच्या बाई उन्हातून घामाघूम आल्या आणि तशाच तिच्याजवळ गेल्या. आईने प्रेमानेच हात धरला त्यांचा. मी सोडवला खरा, पण त्या बाईंचं ते सुकलेलं मनगट अजून भरलेलं नाही.

ऐकलंत? हाक मारली तिने. आले गं आई, नवीन मावशी आल्यात!

चला. अहो... हे काय? तुम्हाला तर घाम फुटलाय. थांबा, तिथेच थांबा. आधी पुसा तो.

तिला वास लागला वाटतं. फळीवरून उतरली ती.