घरच्या माणसाचं नाव

गेल्या ऑक्टोबरात आमच्या कॉम्प्युटरवरच्या विंडोजचे अपडेट बंद झाले. नवी विंडोज या जुन्या डब्यात चालणार नाही, असं पडद्यावरच लिहून आलं. चालू यंत्र भंगारात घालणाऱ्यांतला मी नव्हे. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात उभा जन्म मोजमापं तपासण्यात गेला; यंत्र बिघडलंय की वापरणारा, एवढं मला कळतं. विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स फुकट मिळतं. ते पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि एका रविवारी दुपारी बसलो.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून कीबोर्डवर बायको, विद्यालक्ष्मी, आणि मागे उभा राहून हुकूम सोडायला मी. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या या फ्लॅटमध्ये आमची वाटणी तशी नेहमीचीच. मी इचलकरंजीचा, ती तंजावरच्या मराठी घराण्यातली. मी तिच्या मराठीची टिंगल करतो, ती माझ्या रसमची.

"जुनं सगळं पुसून टाक," मी म्हणालो. पुसलं गेलं. मग कॉम्प्युटरनं वापरणाऱ्याचं नाव विचारलं.

"माझं टाक."

"अय्यो! तुमच नाव मी कस घेऊं?"

एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं माझं नाव एकदाही तोंडातून काढलेलं नाही. ते लिहायचं म्हटल्यावर तिनं हातच मागे घेतले.

"मग घरच्या माणसाचं म्हणून काहीही टाक!" मी वैतागून म्हणालो आणि डोळ्यांत थेंब घालायला आत गेलो.

परत येतो तर पडद्यावर लिहिलेलं: स्वागत, एकोजी.

एकोजी म्हणजे तिच्या आत्याचा मुलगा. त्यांच्याकडे मुलीवर पहिला हक्क आत्याच्या मुलाचा. लग्न पाळण्यातच ठरलेलं. मिसरूड फुटायच्या आत पोरगा कावेरीत बुडाला, म्हणून माझा नंबर लागला. हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं, हिनं कधीच नाही.

"हेच बरं सुचलं?"

"बोटांत आलं," ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो. मेलेल्या पोराचा मत्सर करणारा माणूस मूर्खच म्हणायचा. मी करत होतो.

पूर्वी साधी प्रिंट काढायची तरी "अहो, जरा या" व्हायचं. आता दुपारची भांडी आवरली की ती थेट तिथे जाऊन बसे, पातळ बदलून, ताजा गजरा माळून. माझ्या निवृत्तीच्या समारंभाला हिला गजरा जड झाला होता. मी जवळ गेलो की ती गप्प व्हायची.

एके दिवशी मी मुद्दाम अनवाणी गेलो. पडद्यावर कोरं पान होतं आणि त्यावर एकच ओळ: जेवण होल की?

"मराठीत 'झालं' म्हणतात," मी सवयीनं म्हणालो.

"मी नाही लिवलं," ती शांतपणे म्हणाली. "ते विचारले."

मी इंटरनेटची वायर काढली. कीबोर्डची वायर उपसून तो पलंगावर टाकला. पान तसंच होतं. मग त्यावर एकेक अक्षर उमटत गेलं: वांगी केलीस की?

"हो," विद्यालक्ष्मी पडद्याला म्हणाली. त्या आवाजात ती माझ्याशी कधी बोललेली नाही.

डब्याच्या मागून पंख्याची गरम हवा येते, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी ती गार येत होती आणि तिला ओल्या गाळाचा वास होता. अंगावर काटा आला, पण खरं सांगतो, भीती मागून आली. आधी जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती अयोध्या मंडपात प्रवचनाला गेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी गॅलरीत उभा राहिलो, मग कामाला लागलो. डिस्क पुन्हा पुसली. या वेळी सगळं इंग्रजीतून केलं. नाव स्वतः टाइप केलं, चष्मा लावून दोनदा वाचलं. उमाकांत. मांबलम स्टेशनात गाडीचा भोंगा वाजला. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला.

पडद्यावर मराठीत दोन नावं आली.

एकोजी.

त्याखाली, बारीक अक्षरांत, अतिथी.

एकोजीवर दाबून मी माझा पासवर्ड घातला. चूक. पुन्हा घातला. चूक. शेवटी अतिथीवर दाबलं. त्यानं काहीच न विचारता मला आत घेतलं.

कुलूप उघडून विद्यालक्ष्मी आली. मला खुर्चीत पाहून दारातच थबकली. पदर सावरला.

"विद्या, हे काय चाललंय तुझं?"

ती खालमानेनं स्वयंपाकघरात गेली आणि कॉफी घेऊन आली. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या नव्या टंबलरमध्ये. दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "हे येतीलच इतक्यात."

"हे कोण?"

तिनं नाव घेतलं नाही.

जिन्यात ओल्या चपलांचा चपचप आवाज झाला. तो आमच्या दाराशी येऊन थांबला. कोणीतरी चपला काढल्या.

विद्यालक्ष्मी लाजली.