स्क्रूवरची धूळ

"काकांनी डबा उघडलेलाच नाही," ढापणी म्हणाली. "स्क्रू बघा. धूळसुद्धा हललेली नाही."

तिची मामेभावंडं, दादा आणि बटाट्या, कॉम्प्युटरमागे वाकली. सुट्टीत तिघांचा मुक्काम मामीच्या कारखान्यातच असायचा. मामी कृत्रिम पाय बनवायची. आज सकाळी कॉम्प्युटर बंद पडला आणि दुरुस्तीवाले काका म्हणाले, "उघडून बघितलं. डिस्क गेली. जेवून येतो आणि नवी बसवतो."

एका सहा वर्षांच्या मुलीच्या पायाची सगळी मापं त्याच डिस्कवर होती. मापांवाचून पाय पुरा होणार नव्हता, आणि उद्या ती तो न्यायला लांबून येणार होती. येऊ नका, हे तिच्या आईला कसं सांगायचं म्हणून मामी फोन हातात धरून नुसती बसली होती. ढापणीला ते बघवेना.

"पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवू, म्हणजे डिस्कशिवायही कॉम्प्युटर सुरू होईल," दादा म्हणाला. "डिस्क जिवंत असेल तर दिसेलच."

त्याने लॅपटॉपवर लिनक्सची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर टाकली. कॉम्प्युटर मात्र ढिम्म. पुन्हा लावला, पुन्हा काळा पडदा. ढापणी दादाकडे वळली.

"फाइल टाकलीस कशी?"

"कशी म्हणजे? कॉपी केली."

"अरे शहाण्या, नुसती ठेवून चालत नाही. ती उलगडून पेन ड्राइव्हवर लिहिणारा वेगळा प्रोग्रॅम असतो!"

प्रोग्रॅम मिळाला, पण काम गोगलगायीच्या चालीने पुढे सरकत होतं. तेवढ्यात बाहेर काकांची स्कूटर थांबली. आता संपलं सगळं, असं ढापणीला वाटलं.

बटाट्या दाराकडे पळाला. "काका, डिस्कच्या आत काय असतं हो?"

काकांना तेवढंच हवं होतं. ते पायरीवरच सुरू झाले.

शेवटी पेन ड्राइव्ह तयार झाला. दादाने कॉम्प्युटर त्यावरून सुरू केला. पडद्यावर लिनक्स आलं आणि कोपऱ्यात मामीची डिस्क दिसली. ढापणीने ती उघडली. मापं जागच्या जागी होती.

काका स्क्रूड्रायव्हर घेऊन आत आले आणि पडदा बघून खाली बघायला लागले. "मला वाटलं, नेहमीसारखी डिस्कच असेल..."

"राहू द्या. आता हात लावू नका," मामी म्हणाली. तिने तिघांना जवळ ओढलं. "पोरांनो, मी तर हात टेकले होते. तुम्ही नाही टेकलेत."

मग तिने त्या मुलीच्या आईला फोन लावला.

"हो, उद्याच या. आणि येताना तिचे बूट आणा. दोन्ही."