प्रतिमंडळी

जिल्ह्याच्या शवागारातून फोन आला, तेव्हा रूथ उजागरे चर्चच्या कचेरीत बसून पुढच्या चाळीस वर्षांचा आराखडा चाळत होती. चर्चच्या सभासदांच्या मंडळीची सेक्रेटरी म्हणून ते काम तिच्याच गळ्यात पडलं होतं.

"बाई, तुमच्या यजमानांना नेणार केव्हा?" पलीकडचा कारकून वैतागला होता. "ओळख पटून आठ महिने झाले, पत्रावर पत्रं पाठवली. तुमच्या मंडळीचे अकराच्या अकरा इथंच पडून आहेत. कुणी फिरकत कसं नाही?"

आठ महिने! या आठ महिन्यांत एकही रविवार असा गेला नव्हता, की रूथ हातात बांबू घेऊन नवऱ्याचा देह शोधायला खाडीच्या चिखलात उतरली नाही.

दोन हजार त्रेपन्न साली समुद्र उसळला आणि करंजवेळच्या खालच्या आळीत घुसला. अकरा माणसं वाहून गेली, त्यांत रूथचा नवरा दानीएल. चर्चची एक भिंत गेली, अनाथाश्रमाचं छप्पर गेलं. आपत्तीत मोडून पडलेल्या चर्चना, आश्रमांना आणि सेवाभावी संस्थांना पुढची घडी बसवून देणारी 'उत्तरपर्व' नावाची एक संस्था होती. तिचे शास्त्रज्ञ डॉ. चारुहास देवस्थळी गावात येऊन राहिले आणि त्यांनी 'प्रतिमंडळी' उभी केली.

प्रतिमंडळी म्हणजे संगणकात वसवलेली हुबेहूब मंडळी. कोण कुणाशी बोलतं, कोण कुणावर रुसलंय, ताप असला तरी उपासना कोण चुकवत नाही, अशी माणसागणिक बारीक नोंद. एखादा निर्णय आधी या नकली माणसांवर करून पाहायचा, काळ चाळीस वर्षं पुढे सरकवायचा आणि काय होतं ते बघायचं. अशा हजार खेपा. जास्तीत जास्त खेपांत मंडळी टिकते ती योजना खऱ्या मंडळीने उचलायची.

रूथ तरातरा देवस्थळींच्या खोलीत गेली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

देवस्थळींनी वेड पांघरलं नाही. "होतं. बसा, रूथताई."

"बसत नाही! माझा नवरा तिकडे बर्फात ठेवून मला इकडे चिखल चिवडायला लावलात? माणूस आहात की कोण आहात?"

"उसळीच्या आधी उपासनेला किती जण यायचे?"

"चाळीस-पंचेचाळीस. त्याचं इथं काय?"

"आता दीडशे येतात. उपासना झाली की सगळे मिळून शोधाला जातात, मिळून जेवतात. आश्रमाचं छप्पर याच लोकांनी चढवलं. प्रतिमंडळीत मी अकराही जणांना घरच्यांच्या ताब्यात देऊन पाहिलं. दफन होतं, सगळे रडतात, आणि दोन वर्षांत जो तो मुंबई-पुण्याकडे पांगतो. आश्रमाला कुलूप लागतं. हजारातल्या नऊशे साठ खेपांत."

"मग पुरा की तुमच्या त्या खोट्या माणसांना! माझा दानीएल खरा होता!"

"मला एकच उद्दिष्ट दिलं होतं, मंडळी टिकली पाहिजे. आपत्तीचे सगळे कागद, शवागाराची पत्रंसुद्धा, माझ्याकडेच यावेत, हेही त्याच ठरावात होतं. सूचक पाळकसाहेब, अनुमोदक तुम्ही."

रूथच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण ते खरं होतं. मंडळीच्या वार्षिक सभेत ठराव वाचून होईतो स्वयंपाकघरातून भाताचा वास येऊ लागतो, आणि मग हात आपोआप वर जातात. तिचाही तसाच गेला होता. पण नवरा लपवायला तिने अनुमोदन दिलं नव्हतं!

"यादी द्या," ती म्हणाली. "रविवारी सूचनांच्या वेळी अकराही नावं वाचते."

देवस्थळींनी यादी काढून दिली. त्यांनी अडवलं नाही, याचाच तिला आणखी राग आला.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. बांबू दाराशी टेकवून ठेवलेले होते. रूथ उभी राहिली, आठ महिन्यांची सगळी लबाडी तिने एका दमात सांगून टाकली आणि पहिलं नाव वाचलं. "दानीएल उजागरे. सापडला." बायका हुंदके देऊ लागल्या.

"शिमोन पाटोळे..."

"थांब गं!" शिमोनची आई मार्थाबाई उठली. सत्तरीची बाई, बाकाला धरून उभी राहिली. "तो नको वाचूस."

"आत्या, सापडलाय तो! आठ महिने फसवलं आपल्याला!"

"मी काही ऐकलं नाही. शिमोनला शोधायचंय म्हणून मी दर रविवारी अंथरुणातून उठते. पुढच्या रविवारी कशाला उठू? सांग ना, तू सेक्रेटरी आहेस!"

मागून आणखी कुणी उठलं. "आमचंही नको." मग आणखी दोघं. "तुला तुझा मिळाला ना? मग बस की!" रूथने पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते बायबल उघडून बसले होते आणि मान वर करत नव्हते.

उपासना संपली. लोकांनी दारातले बांबू उचलले आणि दर रविवारसारखे बोलत बोलत खाडीकडे निघाले. रूथ पायरीवर उभी राहून त्यांच्याकडे पाहत राहिली. आता राग काढायचा कुणावर?

सोमवारी ती एकटीच शवागारात गेली. दानीएलला गाडीत ठेवल्यावर कारकुनाने रजिस्टर पुढे सरकवलं.

"आणि उरलेले दहा? त्यांचं काय लिहू? घरच्यांना कळवलंत ना तुम्ही?"

सांगायला तिच्यापाशी खूप काही होतं. तिच्या डोळ्यांपुढे बाकाला धरून उभी राहिलेली मार्थाबाई आली.

"लिहा," रूथ म्हणाली, "घरच्यांना अजून ओळख पटायची आहे."

आणि हे आपल्याच तोंडून निघालं, याचा तिला इतका संताप आला, की सही करताना पेन कागद फाडून आरपार गेलं.